पॉम्पेईत दिवसाला २० हजारच पर्यटक, व्हेनिसमध्ये २५ जणांचाच ग्रुप : नव्या नियमांमुळे युरोपच्या ग्रुप टूरचं काय होणार?

युरोप टूरचं माहितीपत्रक उघडलं की काही नावं ठरलेली असतात. रोमचं कोलोसियम, व्हेनिसचा सेंट मार्क चौक आणि टूर जरा मोठी असेल तर पॉम्पेई, अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस. नावं वर्षानुवर्षं तीच आहेत आणि फोटोही तेच आहेत. पण गेल्या दोन-तीन वर्षांत या ठिकाणी आत जाण्याचे नियम बदललेत.

पॉम्पेईत आता दिवसाला २० हजारांपेक्षा जास्त लोकांना सोडत नाहीत. अ‍ॅक्रोपोलिसलाही तेवढीच मर्यादा आहे. कोलोसियमच्या तिकिटावर तुमचं नाव असतं. व्हेनिसमध्ये गाइडला २५ पेक्षा जास्त लोकांचा ग्रुप घेऊन फिरता येत नाही, लाउडस्पीकर तर अजिबातच वापरता येत नाही.

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्यांदा ग्रुप टूरनेच जातात. व्हिसाची कागदपत्रं, भाषा, शाकाहारी जेवण, सामान असं सगळं टूर कंपनी बघते, म्हणून घरचे निर्धास्त असतात. कुणी निवृत्तीनंतर मिळालेले पैसे यात घालतात, कुणी मुलांच्या पहिल्या पगारातून आई-बाबांना पाठवतात. अनेकांसाठी हा प्रवास आयुष्यात एकदाच होणारा असतो. त्यामुळे या नियमांनी नेमकं काय बदललं आणि त्याचा भार कुणावर येणार, हे समजून घ्यायला हवं.

आधी बघूया, नियम काय आहेत?

पॉम्पेईपासून सुरुवात करूया. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हे अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. आज उत्खननातून बाहेर आलेले रस्ते, घरं, स्नानगृहं, भिंतींवरची चित्रं बघायला वर्षाला ४० लाखांच्या आसपास लोक येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी तर ३६ हजारांहून जास्त लोक आत होते. इटलीत सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, त्यातलाच तो एक रविवार. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारांची मर्यादा आली आणि तिकिटं नावानिशी द्यायला सुरुवात झाली. उन्हाळ्यात त्या २० हजारांचीही विभागणी होते. सकाळच्या सत्रात १५ हजार आणि दुपारी १ नंतर ५ हजार.

अथेन्सने हे आधीच केलं होतं. सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्रोपोलिससाठी तासांप्रमाणे तिकिटं मिळू लागली. सकाळी ८ ते ९ मध्ये ३ हजार लोक, पुढच्या तासात २ हजार, अशी आखणी झाली आणि दिवसाची मर्यादा २० हजार ठरली. एप्रिल २०२५ पासून तिकीट २० युरोंवरून ३० युरोंवर गेलं. आपल्या हिशेबात माणशी साधारण ३ हजार रुपये.

व्हेनिस हे तर चालतंबोलतं शहर आहे, त्याला गेट नाही. तिथे २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात झाली. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ते ५४ झाले. शेवटच्या तीन-चार दिवसांत पैसे भरले तर दर दुप्पट, म्हणजे १० युरो. २५ जणांच्या ग्रुपचा आणि लाउडस्पीकरबंदीचा नियमही २०२४ च्या उन्हाळ्यातलाच.

ही वेळ का आली?

पहिलं कारण सुरक्षेचं. प्राचीन शहराचे रस्ते आजच्या गर्दीचा विचार करून बांधलेले नाहीत. पॉम्पेईतल्या घरांचे दरवाजे अरुंद आहेत. अ‍ॅक्रोपोलिसवर जायचं तर डोंगर चढून प्रॉपिलिया नावाच्या प्रवेशद्वारातून जावं लागतं, तिथे गर्दी तुंबते. पायाखालचा संगमरवर शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालाय. त्यात ऊन असतं. २०२३ पासून उष्णतेच्या लाटेत अ‍ॅक्रोपोलिस दुपारी काही तास बंद ठेवण्याची वेळ अनेकदा आलीय. एवढ्या गर्दीत कुणाला चक्कर आली तर बाहेर कसं काढणार, हा प्रश्न खरा आहे.

दुसरं कारण वास्तूंचं. आपल्याला हे अजिंठ्यावरून लगेच समजेल. फर्दापूरच्या टी पॉइंटला आपल्या गाड्या थांबवून पुढे लेण्यांपर्यंत बसने नेतात, कारण गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये. आत माणसांच्या श्वासाने वाढणारा दमटपणा चित्रांना बाधतो. पॉम्पेईतल्या भित्तिचित्रांनाही असाच धोका असतो.

पण सगळा दोष पर्यटकांच्या माथी मारणंही बरोबर नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पॉम्पेईतली ‘स्कोला आर्माटुरारुम’ ही इमारत कोसळली, तेव्हा चर्चा झाली ती पावसाच्या पाण्याची आणि देखभालीतल्या हलगर्जीपणाची. त्यानंतर युरोपीय संघाच्या मदतीने १०५ दशलक्ष युरोंचा ‘ग्रेट पॉम्पेई प्रोजेक्ट’ हाती घेतला गेला. म्हणजे पर्यटक आले नाहीत की वास्तू आपोआप वाचते, असं होत नाही. देखभालीला पैसा लागतो आणि त्यातला बराचसा तिकिटांतूनच येतो.

तिसरं कारण तिथे राहणाऱ्यांचं. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागातली लोकसंख्या ५० हजारांच्या खाली आलीय. घरं पर्यटकांना भाड्याने दिली जातात, रोजच्या वापराची दुकानं जाऊन मुखवटे आणि मॅग्नेटची दुकानं येतात. कामावर निघालेल्या माणसाला पुलावर फोटो काढणाऱ्या ग्रुपमधून वाट काढावी लागते. आपल्या गल्लीत रोज गणपतीच्या दिवसांसारखी गर्दी असेल आणि ती वर्षभर हटणारच नसेल, तर काय होईल याची कल्पना करून बघा.

पण सगळे एकाच वेळी का येतात?

खरा विषय इथे आहे. पॉम्पेईचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर आहे आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग खणून काढलेला आहे. एवढ्या जागेत २० हजार लोक दिवसभरात विखरून आले, तर फार अडचण होऊ नये. अडचण होते, कारण लोक विखरून येत नाहीत.

एका टूर बसचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मुक्काम रोममध्ये. रोम ते पॉम्पेई साधारण २४० किलोमीटर. सकाळी ७ ला नाश्ता करून निघालं की १० च्या सुमारास बस तिथे पोहोचते. युरोपात बसचालकासाठी कडक नियम आहेत. सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. हे मोडता येत नाही, कारण गाडीत नोंद करणारं यंत्र असतं. त्यामुळे बस किती वाजता निघणार आणि कधी परत फिरणार, हे आधीच पक्कं असतं. आणि हे गणित प्रत्येक टूर कंपनीला लागू असल्याने सगळ्या बस साधारण त्याच तासा-दोन तासांत पॉम्पेईच्या दारात येतात.

अथेन्समध्ये बसच्या जागी क्रूझ जहाज ठेवा. जहाज सकाळी पिरेअस बंदराला लागतं आणि संध्याकाळी निघतं. अ‍ॅक्रोपोलिस तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे. जहाजातून उतरलेले हजारो लोक आधी तिकडेच जातात. म्हणूनच ग्रीसने दिवसाच्या आकड्यासोबत तासांचीही आखणी केली.

आपल्या ग्रुपच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे शाळेची सुट्टी. महाराष्ट्रातली कुटुंबं एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडतात. व्हेनिसच्या शुल्काचे दिवसही एप्रिल ते जुलै याच काळातले आहेत. आपली सुट्टी आणि त्यांचा गर्दीचा हंगाम एकमेकांवर येतो.

त्यामुळे या नियमांकडे ‘पर्यटक नकोत’ या नजरेने पाहिलं तर गफलत होते. पर्यटक त्यांना हवे आहेत. नकोय तो एकाच तासाला, एकाच दारात येणारा लोंढा. आणि स्वस्त ग्रुप टूरचं गणित नेमकं त्यावरच उभं आहे. जास्त माणसं, एक बस, एक गाइड, एक ठरलेली वेळ आणि संध्याकाळपर्यंत पुढचं शहर.

मर्यादा घातली आणि तिकिटंच गायब झाली

जागा कमी आणि मागणी जास्त असली की पुढे काय होतं, हे आपण दिवाळीतल्या रेल्वे तिकिटांच्या वेळी बघतोच. कोलोसियममध्ये तेच झालं.

कोलोसियममध्ये एका वेळी सुमारे ३ हजार लोकच असू शकतात. साधं तिकीट १८ युरोंचं. पण वेबसाइटवर ते मिळायचंच नाही. तेच तिकीट गाइडसोबत किंवा ‘रांगेशिवाय प्रवेश’ अशा नावाने इतर संकेतस्थळांवर मात्र बऱ्याच जास्त दराने दिसायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकिटांवर नाव टाकायला सुरुवात झाली, ती यावरचाच उपाय म्हणून.

इटलीच्या स्पर्धा आयोगाने या प्रकाराची चौकशी केली आणि एप्रिल २०२५ मध्ये जवळपास २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्यात अनेक वर्षं तिकीटविक्री सांभाळणाऱ्या कूपकल्चर या संस्थेला ७० लाख युरो आणि सहा पर्यटन कंपन्यांना मिळून उरलेला दंड होता. आयोगाच्या म्हणण्यानुसार, कंपन्या बॉट वापरून म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅमच्या मदतीने तिकिटं घाऊक उचलत होत्या. ते रोखण्यासाठी कूपकल्चरने पुरेसे उपाय केले नाहीत, शिवाय बरीच तिकिटं स्वतःच्या गाइडेड टूरसाठी राखून ठेवली, असंही आयोगाने म्हटलं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. नुसती मर्यादा घातली की गर्दी कमी होईलही, पण कुणाला आत जायला मिळणार हे पैसा ठरवायला लागतो. तिकिटावर नाव टाकणं त्यामुळे गरजेचं झालं. पण नाव टाकण्याची किंमत ग्रुप टूरला मोजावी लागते, ती कशी ते पुढे बघू.

मग याचा उपयोग होतोय का?

उत्तर जागेप्रमाणे वेगळं आहे. जिथे भिंत आणि गेट आहे, तिथे आकडा पाळता येतो. पॉम्पेईत २० हजार तिकिटं संपली की संपली.

व्हेनिसमध्ये तसं नाही. तिथलं शुल्क भरलं की कितीही लोक येऊ शकतात, त्याला वरची मर्यादाच नाही. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो जमा झाले, पण गर्दी कमी झाली नाही, अशी टीका तिथल्या विरोधकांनी आणि रहिवाशांनी केली. ५ युरोंसाठी कुणी व्हेनिस टाळणार नाही, हा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पालिकेचं म्हणणं असं की यामुळे किती लोक येणार हे आधी कळतं आणि नियोजन करता येतं. त्यामानाने २५ जणांचा नियम जास्त परिणामकारक ठरू शकतो, कारण अरुंद गल्ली अडते ती माणसांच्या घोळक्याने, दिवसाच्या एकूण आकड्याने नाही.

आपल्या ग्रुप टूरवर काय परिणाम होईल?

पहिला परिणाम खर्चाचा. ४५ जणांची बस व्हेनिसला गेली तर आता त्यांचे दोन ग्रुप करावे लागतात, म्हणजे गाइडही दोन लागतात. इटली आणि ग्रीसमध्ये अशा ठिकाणी परवानाधारक गाइडच माहिती सांगू शकतो. आपल्यासोबत आलेले टूर मॅनेजर कितीही जाणकार असले तरी त्यांना आत उभं राहून मराठीतून इतिहास सांगता येत नाही. हा वाढलेला खर्च शेवटी पॅकेजच्या किमतीत येतो, नाहीतर कार्यक्रमातून काहीतरी कापलं जातं.

दुसरा परिणाम तारखांचा. नावाचं तिकीट म्हणजे आधी नाव नक्की हवं. पण शेंगेन व्हिसा कधी मिळेल, कुणाला नाकारला जाईल, हे शेवटच्या आठवड्यांपर्यंत कळत नाही. एखाद्याचा व्हिसा अडला तर त्याच्या नावाचं तिकीट दुसऱ्याला सहज देता येत नाही. बस वाहतुकीत अडकली आणि तिकिटावरची वेळ चुकली, तर गेटवर हुज्जत घालून फायदा नसतो.

तिसरा परिणाम सगळ्यात महत्त्वाचा आणि तो सहज दिसत नाही. तो आहे माहितीपत्रकातल्या शब्दांचा. ‘कोलोसियम पाहू’ आणि ‘कोलोसियममध्ये प्रवेश’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बाहेर १५-२० मिनिटं थांबून फोटो काढणं. ‘ड्राइव्ह पास्ट’ म्हणजे तर बसच्या खिडकीतूनच बघणं. आतली तिकिटं मिळणं जितकं अवघड होईल, तितके हे शब्द वाढत जाण्याची शक्यता आहे. फोटोत फरक दिसत नाही, पण आत पाऊल ठेवलं की नाही, हा फरक मोठा आहे.

घाईत काय राहून जातं?

वेळ कमी पडला की कार्यक्रमातून सगळ्यात आधी उडतं ते संग्रहालय. याचं एक उदाहरण थेट महाराष्ट्राशी जोडलेलं आहे.

१९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर. ती ‘पॉम्पेई लक्ष्मी’ या नावाने प्रसिद्ध झाली, पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मूर्ती भारतातून गेलेली आहे आणि शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्यात. त्यामुळे ती भोकरदन परिसरात घडवलेली असावी, असं मत मांडलं जातं. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी चालणाऱ्या व्यापारातलं नावाजलेलं केंद्र.

पण ही मूर्ती पॉम्पेईत नाही. ती साधारण २५ किलोमीटरवर, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पॉम्पेईतली अनेक उत्तम भित्तिचित्रं आणि मोझेकही तिथेच आहेत. रोमहून एका दिवसात जाऊन-येऊन असलेल्या टूरमध्ये हे संग्रहालय बसवणं अवघडच असतं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीतून गेलेली असू शकणारी वस्तू जवळ असते आणि बस रोमच्या दिशेने परत फिरते. नेपल्समध्ये एक मुक्काम केला, तर पॉम्पेईला दुपारच्या कमी गर्दीत जाता येतं आणि संग्रहालयही बघून होतं. म्हणजे नवे नियम आणि चांगला प्रवास यांचा रस्ता एकच आहे. कमी ठिकाणं आणि जास्त वेळ.

बुकिंग करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. प्रवेश आतून आहे की बाहेरून? प्रत्येक ठिकाणासमोर हे लेखी मागा. ‘पाहू’, ‘भेट देऊ’ या शब्दांवर समाधान मानू नका.

२. तिकीट कोणत्या वेळेचं आहे आणि आत किती वेळ मिळणार? पॉम्पेईसाठी दोन तासही कमी पडतात.

३. ग्रुपमध्ये किती जण आहेत? २५ पेक्षा जास्त असतील तर व्हेनिसमध्ये दोन गाइड आहेत का? कानाला लावायची ऑडिओ यंत्रं टूर कंपनी देणार आहे का?

४. व्हेनिसच्या वेळी मुक्काम कुठे आहे? व्हेनिस पालिकेच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेतही, राहणाऱ्यांना दिवसाचं शुल्क लागत नाही, पण सूट मिळाल्याची नोंद आधी करावी लागते. हॉटेल पादुआला असेल तर शुल्काच्या दिवशी पैसे भरावे लागतात. ते पॅकेजमध्ये आहेत का?

५. तिकीट मिळालं नाही किंवा उन्हामुळे ठिकाण बंद राहिलं तर काय? पैसे परत की दुसरं ठिकाण, हे आधीच ठरवून घ्या.

आपल्याकडे बरेच जण टूर निवडताना देश मोजतात. १२ दिवसांत सात देश म्हटलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण युरोपातल्या जुन्या शहरांनी आता तास मोजायला सुरुवात केलीय. ज्यांना हे माहीत आहे ते नीट आखणी करून आत जातील. ज्यांना माहीत नाही, ते तेवढेच पैसे भरून कोलोसियमच्या बाहेर उभे राहून फोटो काढतील. घरातलं कुणी येत्या सुट्टीत निघणार असेल, तर वरचे पाच प्रश्न त्यांना आजच पाठवून ठेवा. पैसे भरण्याआधी विचारलेल्या प्रश्नांनाच उत्तरं मिळतात.